प्रश्न तुमचे : त्याच वाटेवरचे माणूस

दोन महिन्यांपूर्वी या सदरात किमोथेरपीच्या काळातील आहाराविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेली निम्म्याहून अधिक पत्रे सुरू होतात आहारापासून आणि दुसऱ्याच परिच्छेदात एकटेपणावर येऊन थांबतात. त्यांपैकी ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. नव्या वाचकांसाठी एवढे सांगून ठेवते, की मी डॉक्टर नाही. अकरा वर्षांपूर्वी मी स्वतः स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेतले आणि गेली आठ वर्षे नौपाड्यात महिन्यातून एकदा भरणाऱ्या रुग्णांच्या एका लहान गटाचे काम पाहते.

प्रश्न : मी ऐरोलीला राहते. वय ४७. एप्रिलमध्ये उजव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठीही काढल्या. किमोची चौथी सायकल नुकतीच झाली. उपचार खारघरला सुरू आहेत. यजमान रजा घेऊन बरोबर येतात, सासूबाई माझ्यासाठी निराळी पेज करतात, मुलगी रात्री पाय चेपून देते. तरीही मला फार एकटे वाटते आणि तसे वाटते याचीच लाज वाटते. रुग्णालयातल्या समाजसेविका म्हणाल्या, की रुग्णांच्या गटाला एकदा जाऊन पाहा. पण सगळ्यांची दुःखे ऐकून माझे मन आणखी खचेल आणि त्यांतले कोणी गेले तर मला ते सोसणार नाही, अशी भीती वाटते. जाऊबाई म्हणतात, ‘असल्या ठिकाणी जाऊ नकोस, सकारात्मक राहा.’ काय करावे?

उत्तर : ताई, घरात जीव लावणारी माणसे असताना एकटे वाटणे हा कृतघ्नपणा नव्हे. पहिल्यांदा ती लाज मनातून काढून टाका. आजारपणात घरातला प्रत्येक जण दुसऱ्याला जपत असतो. तुमचे यजमान रिपोर्ट घेऊन बाहेर येण्यापूर्वी दाराशी क्षणभर थांबून चेहरा नीट करत असतील, आणि तुम्हीही न्हाणीघरात उलटी झाल्यावर नळ सोडून तोंड धुऊन ‘काही नाही, बरी आहे’ असे म्हणतच बाहेर येत असाल. हे सगळे प्रेमापोटीच चाललेले असते. परंतु त्या जपण्यातच बोलणे राहून जाते, आणि ज्यांच्यावर सर्वांत अधिक प्रेम आहे त्यांच्यासमोरच सर्वांत अधिक सोंग वठवावे लागते. त्याच आजाराच्या माणसासमोर ते वठवावे लागत नाही. गटाचा मुख्य उपयोग कोणता असे मला विचारलेत, तर मी हाच सांगेन. धीर देणे, माहिती देणे हे त्याच्या मागून येते.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक शिक्षिका येत असत. त्यांचीही उजवीच बाजू काढलेली होती. शाळेत पुन्हा रुजू होण्याच्या आधीच्या बैठकीत त्यांनी एक प्रश्न विचारला, जो त्यांनी डॉक्टरांना विचारला नव्हता, यजमानांना विचारला नव्हता आणि सख्ख्या बहिणीलाही विचारला नव्हता. ‘मी साडी कशी नेसू?’ पदर डाव्या खांद्यावरून जातो, त्यामुळे डावीकडची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला पदराचा आडोसा आपसूक मिळतो. उजवीकडे मात्र ब्लाउज उघडा राहतो आणि फळ्यावर लिहिण्यासाठी हात वर केला की रिकामी बाजू सुरकुतलेली दिसते. हे एकही पुरुष सांगू शकला नसता आणि निरोगी बाईच्याही चटकन लक्षात आले नसते. कोपऱ्यात सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या. त्या एरवी फारसे बोलत नसत. त्या उठल्या, शिक्षिकाबाईंना आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि त्यांनी आपला ब्लाउज उलटा करून दाखवला. आतून जुन्या परकराच्या मऊ कापडाचा खिसा शिवलेला होता. त्याचे तोंड वर किंवा खाली न ठेवता काखेच्या बाजूला ठेवले होते, म्हणजे खाली वाकल्यावर आतली गादी बाहेर सरकत नाही. गादी सुती दोऱ्याची, क्रोशाने विणलेली, आणि दुसऱ्या बाजूच्या वजनाशी मेळ बसावा म्हणून तिच्या तळाशी मोहरीची लहानशी पुरचुंडी, जी धुताना काढून ठेवता येते. टाके पूर्ण भरून त्वचा बरी होईपर्यंत काही लावायचे नाही, हेही आजींनी बजावले. बाहेर आल्यावर शिक्षिकाबाईंनी पर्समधून वही काढली आणि खिशाचे माप लिहून घेतले.

तुम्हाला भीती वाटते तशी रडारड बैठकीत नसतेच असे नाही, पण बहुतेक वेळ जातो तो अशाच गोष्टींत. बद्धकोष्ठ, काळी पडलेली नखे, तोंड आल्यावर गिळता येईल असे काय करावे, हळदीकुंकवाला स्कार्फ बांधून जावे की न जावे, कामावर किती सांगावे. एका बाईंच्या हातावर संध्याकाळी बांगडीचा वळ उमटतो हे प्रथम शेजारी बसलेल्या बाईंच्या लक्षात आले. काखेतल्या गाठी काढल्यानंतर त्या हाताला सूज येऊ शकते आणि तिची सुरुवात अशी बांगडी किंवा अंगठी घट्ट होण्यापासून होते. लवकर दाखवले तर फिजिओथेरपीने ती आटोक्यात राहते. तुमच्याही उजव्या हाताकडे त्या दृष्टीने लक्ष असू द्या, आणि त्या हातावर रक्तदाब मोजणे वा सुई टोचणे याबाबत तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितले आहे ते दर वेळी परिचारिकेला आठवणीने सांगा.

गटाने आजार बरा होतो का, हेही मला विचारले जाते. १९८९ साली अमेरिकेतील डेव्हिड स्पीगेल या मनोविकारतज्ज्ञांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ८६ स्त्रिया त्यात होत्या, आणि वर्षभर दर आठवड्याला गटात बसणाऱ्या स्त्रिया इतरांपेक्षा सरासरी दीड वर्ष अधिक जगल्या असे त्यात आढळले होते. जगभर मोठी आशा निर्माण झाली. पुढे २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर झालेल्या अधिक मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, आणि स्पीगेल यांना स्वतःलाही पुढच्या अभ्यासात तसे दिसले नाही. मात्र कॅनडातल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. गटात जाणाऱ्या स्त्रियांचे मन अधिक सावरलेले होते, त्यांना वेदना कमी जाणवत होत्या आणि ज्यांचा मानसिक त्रास सुरुवातीला जास्त होता त्यांना हा लाभ जास्त झाला. म्हणून गट हा औषधाला पर्याय आहे असे कोणी सांगितले तर त्या माणसापासून दूर राहावे. पण वेदना थोडी कमी जाणवणे आणि रात्री झोप लागणे या गोष्टी उपचार सुरू असलेल्या माणसाला किती मोलाच्या असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता मृत्यूविषयी. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या गटातल्या नऊ जणी आतापर्यंत गेल्या. ब्लाउजचा खिसा दाखवणाऱ्या आजीही आता नाहीत. कोणी गेले की पुढच्या बैठकीत आम्ही त्यांचे नाव घेतो, ज्यांना बोलावेसे वाटते त्या एखादी आठवण सांगतात आणि त्या दिवशी ज्यांना बसवत नाही त्या मोकळेपणाने उठून जातात. उठून जाणाऱ्या बाईंना नंतर फोन करण्याचे काम आमच्यातल्याच एका बाईंकडे दिलेले असते. पहिल्या वेळी मला चार दिवस अन्न गोड लागले नव्हते. तरीही ज्या बाईंना मी ओळखत होते त्या गेल्या हे दुःख आणि ‘कॅन्सरने माणसे मरतात’ ही रात्री छातीवर बसणारी भीती, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत त्या माणसाचा चेहरा असतो, तिचे बोलणे असते, तिने शिकवलेला खिसा असतो. आमच्यातल्या पुष्कळ जणींची दुसरी भीती पहिल्या दुःखानंतर कमी झाली, वाढली नाही. तरीपण तुमचे उपचार आता मध्यावर आहेत. एवढ्यात हे नको असे तुमचे मन म्हणत असेल तर त्याचे ऐका. गट चालवणाऱ्या व्यक्तीला आधी फोन करून विचारा, की तेथे येणाऱ्यांचे आजार साधारण कोणत्या टप्प्यातले आहेत. हे विचारण्यात गैर काही नाही.

शिवाय गटाला जाणे हीच एक वाट आहे असेही नाही. बहुतेकांना सुरुवातीला एकच माणूस पुरते, आणि ते बहुधा तुम्ही पाहिलेलेही असते. किमो २१ दिवसांच्या अंतराने असेल तर डे-केअरमध्ये दर वेळी तुमच्या तारखेलाच येणाऱ्या दोघी-तिघी तुमच्या नजरेत भरल्या असतील. पुढे शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाले, तर आठवड्यातले पाच दिवस ठरलेल्या वेळी त्याच बाकावर तीच माणसे भेटतात. ठाणे–पनवेल गाडीने जात असाल तर उपनगरी गाडीतील दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो. रुग्णालयाचे कागद जवळ ठेवा, तेथेही कोणी ना कोणी फाईल छातीशी धरून बसलेले दिसेल. ‘तुमची कितवी?’ एवढा एक प्रश्न ओळखीला पुरतो. माझी सर्वांत जवळची मैत्रीण मला अशीच, सलाईन संपण्याची वाट पाहताना भेटली.

एक व्यावहारिक सूचना. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमाराला पांढऱ्या पेशींचे काउंट सर्वांत कमी असतात. त्या दिवसांत गर्दीची बैठक, लग्न, हळदीकुंकू सगळे टाळा आणि फोनवर बोला. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला तर घरी गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी रुग्णालयाला लगेच कळवा.

जाऊबाईंना दोष देऊ नका, त्यांना तुमची काळजीच आहे. पण ‘सकारात्मक राहा’ या शब्दांनी आजारी माणसाच्या तोंडावर हात ठेवला जातो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. घाबरल्याने गाठ वाढत नाही आणि रडल्याने किमोचा गुण कमी होत नाही. उपचारांच्या काळात मी एका ठिकाणच्या कार्यक्रमाला गेले होते, तेथे व्याख्यात्याने मनात साठवलेल्या रागामुळे स्तनाचा कर्करोग होतो असे ठासून सांगितले. घरी येऊन मी रात्रभर आपण कोणाकोणावर रागावलो होतो ते आठवत बसले, आणि नंतर वर्षभर कोणत्याही गटाच्या वाटेला गेले नाही. ते वर्ष वाया गेले याची मला आजही खंत आहे. म्हणून जेथे आजाराचा दोष रुग्णावर टाकतात, जेथे काही विकले जाते किंवा ‘किमो सोडा, आमचा काढा घ्या’ असे सांगितले जाते, तेथून निःसंकोच उठा. तेवढ्यावरून बाकीच्या सगळ्यांची दारे मात्र स्वतःला बंद करून घेऊ नका.

प्रश्न : मी कळव्याला राहतो, वय ५४, कारखान्यात फिटर होतो. गालाच्या आतल्या बाजूच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, नंतर ३० शेक झाले. तोंड नीट उघडत नाही, पाणी ओठांतून गळते, माझे बोलणे बायकोखेरीज कोणाला समजत नाही. पंचवीस वर्षे तंबाखू खाल्ली, त्यामुळे लोक तोंडावर म्हणतात की स्वतःच्या हाताने ओढवून घेतले. मुलगा म्हणतो, बाबा, गटात जा. पण गटात बोलावे लागते आणि मला बोलताच येत नाही.

उत्तर : भाऊ, तंबाखूने हा आजार होतो हे खरे आहे आणि ते तुम्हाला कोणाकडून ऐकायची गरज नाही. पण कारण माहीत असणे निराळे आणि आजारी माणसाला त्याच्या आजारावरून टोचून बोलणे निराळे. भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचाच आहे. पहिल्या-दुसऱ्या पाळीत झोप येऊ नये म्हणून शेजारच्याने मळून दिलेली चिमूट घेणारी किती माणसे तुम्ही कारखान्यात पाहिली असतील! त्यांतली जी आजारी पडली त्यांच्यासमोर बसलात तर तुम्हाला कोणी हे वाक्य ऐकवणार नाही. तंबाखूची ओढ अजून कधी लागत असेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनाशुल्क सल्ला मिळतो.

बोलण्याविषयी सांगायचे तर पुरुष मंडळी गोल करून बसून मन मोकळे करायला सहसा येतच नाहीत. हातात काही काम असले तरच त्यांची ओळख होते, असे मी पाहिले आहे. तोंड उघडण्याचा व्यायाम तुम्हाला सांगितला असेलच. आइसक्रीमच्या असतात तशा चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि जमेल तशी एकेक काडी वाढवत न्यायची. हा व्यायाम कंटाळवाणा असतो, दुखतो, आणि घरी एकट्याने करताना सुटतो. आमच्याकडे येणारे दोन गृहस्थ रबरबँड लावलेला काड्यांचा जुडगा शर्टाच्या खिशात ठेवत. भेटले की नमस्कारही नाही. एक जण बोटांनी अकरा दाखवी, दुसरा बारा. पुढच्या महिन्यात अकरावाला तेरा घेऊन येई. त्यांच्यात एक शब्द न बोलता जी दोस्ती झाली ती मी विसरणार नाही. व्यायाम किती आणि कसा करायचा ते मात्र तुमच्या फिजिओथेरपिस्टनेच ठरवू द्या, जोर लावून काड्या कोंबू नका. बोलणे आणि गिळणे यांसाठी वेगळे उपचारतज्ज्ञ असतात. उपचार घेतलेल्या रुग्णालयात त्यांची वेळ मागा. तोपर्यंत मोबाइलवर लिहून दाखवा. तुमच्या पत्राचे अक्षर आणि भाषा दोन्ही स्वच्छ आहेत.

प्रश्न : मी नेरूळचा, निवृत्त बँक कर्मचारी, वय ६३. पत्नीचा अंडाशयाचा कर्करोग दोन वर्षांनी उलटला आहे. पुन्हा किमो सुरू आहे. हल्ली ती कपाटातल्या दागिन्यांविषयी, कोणती पैठणी कोणत्या सुनेला द्यायची याविषयी बोलू लागते आणि मी टीव्ही लावतो किंवा खाली दूध आणायला जातो. रात्री झोप येत नाही. मी निरोगी आहे, मग मला कसला आधार हवा, असे वाटून कोणाशी बोलत नाही.

उत्तर : मराठीत मनोविकार आणि पार्किन्सन्स यांच्या स्वमदत गटांत दोन सुंदर शब्द रुळले आहेत. आजार असणारा तो ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणारा तो ‘शुभंकर’. कर्करोगाच्या गटांतही हे शब्द यावेत असे मला मनापासून वाटते, कारण ‘रुग्णाचे नातेवाईक’ या शब्दांत सांभाळणाऱ्या माणसाचे काम कुठेच दिसत नाही. तुम्ही औषधांच्या वेळा सांभाळता, रांगेत उभे राहता, विम्याची कागदपत्रे भरता, आणि याच्याबरोबर स्वतःची भीती गिळता. हे काम करणाऱ्याला आधार हवा असणे अगदी स्वाभाविक आहे. शुभंकरांची बैठक वेगळी होणे चांगले. पत्नीसमोर जे बोलता येत नाही ते तेथे बोलता येते. ‘मला कधीकधी हे सगळे संपावे असे वाटते’ हे वाक्य मी तेथे किती तरी प्रेमळ नवऱ्यांच्या आणि मुलींच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते ऐकून समोरच्यांपैकी कोणी दचकले नाही. रात्री मन फारच घेरून आले तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येते. मात्र झोप अशीच उडालेली राहिली तर स्वतःला डॉक्टरांना दाखवा.

पैठणीविषयी. तुम्ही टीव्ही का लावता ते मी समजू शकते. ती त्या विषयावर बोलली की ती हार मानते आहे असे तुम्हाला वाटत असणार. मी माझ्या उपचारांच्या काळात आईच्या पाटल्यांची वाटणी कागदावर लिहिली होती आणि लिहून झाल्यावर किती तरी दिवसांनी शांत झोपले होते. तेव्हा मी हार मानलेली नव्हती. गटातल्या एका गृहस्थांनी सांगितले होते, की त्यांनीही महिनोन्महिने विषय बदलला आणि एक दिवस केवळ दमून गेल्यामुळे ते गप्प बसून राहिले. पत्नीने बोलायचे होते ते पंधरा मिनिटांत बोलून घेतले आणि मग म्हणाली, ‘आता चहा टाका.’ तुम्हीही पुढच्या वेळी कपाट उघडा, पैठण्या पलंगावर काढून ठेवा आणि कोणती कोणाला हे तिला सांगू द्या. वाटल्यास लिहून घ्या. डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्या, तिला ते दिसलेले चालेल. तिच्या डॉक्टरांना पॅलिएटिव्ह केअरविषयीही विचारा. अखेरच्या दिवसांची सेवा एवढाच त्याचा अर्थ नाही; वेदना, मळमळ, थकवा आणि मनाची तगमग यांवरचे हे उपचार किमो चालू असतानाही घेता येतात, आणि त्यांत घरच्या माणसाचाही विचार केलेला असतो.

प्रश्न : माझे उपचार संपून तीन वर्षे झाली. घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या संकुलात आणि आसपास निदान आठ-दहा रुग्ण असतील. आपण एक गट सुरू करावा असे वाटते. कशी सुरुवात करावी?

उत्तर : आधी स्वतः एखाद्या चालू गटात पाच-सहा महिने बसा. मुंबईत हे काम जुने आहे. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून रुग्णांसाठी काम करते. व्ही केअर फाउंडेशन ही १९९४ मध्ये स्वतः कर्करोगातून उठलेल्या एका बाईंनी सुरू केलेली संस्था आहे, आणि रक्ताचा सीएमएल हा कर्करोग किंवा पोटातील जिस्ट ही गाठ असलेल्या रुग्णांचे ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हे आपापसांतले जाळे आहे. टाटा रुग्णालय आणि त्याचेच खारघरचे केंद्र अ‍ॅक्ट्रेक येथील समाजसेवा विभागांतून अशा संस्थांचे पत्ते मिळतात. मनाच्या आजारांसाठी स्वमदत गट कसे चालवतात हे पाहायचे असेल तर ठाण्यातच १९९० पासून काम करणारी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे.

जागा तळमजल्यावरची, पंखा असलेली आणि स्वच्छतागृह शेजारी असलेली हवी. शेक घेतलेल्या माणसाला दोन मजले चढायला लावू नका. संकुलाच्या सूचनाफलकावर ‘कर्करोग रुग्णांची बैठक’ असे लिहू नका. ज्यांनी शेजाऱ्यांना सांगितलेले नाही ते त्या दाराकडे फिरकणारही नाहीत. बैठकीत ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, फोटो काढायचे नाहीत, आणि ‘मला या औषधाने गुण आला, तुम्हीही घ्या’ असे म्हणायचे नाही, हे दर वेळी सुरुवातीला मोठ्याने सांगा. दोन बायकांचा आजार एकाच नावाचा असला तरी गाठीचा प्रकार निराळा असू शकतो आणि एकीचे औषध दुसरीला लागू पडेलच असे नसते. मोबाइलवर गट केलात तर तेथे हाच नियम अधिक कडकपणे पाळा, कारण रात्री दोन वाजता आलेला गव्हांकुराच्या रसाचा निरोप काउंट कमी असलेल्या माणसाला खरोखर धोक्यात घालू शकतो. ज्या रुग्णाचे बोलणे ऐकून तुम्हाला काळजी वाटेल, जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलेल, त्यांना पाठवता येईल असा एक समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ आधीच ठरवून ठेवा. ते ओझे एकट्याने उचलायला जाऊ नका.

कागदपत्रांची जाण असलेले एक माणूस सोबत घ्या. पुष्कळ जण बोलायला म्हणून येत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून, ज्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, आपले काम होईल का, हे विचारायला येतात. त्यांना ते नीट सांगा. अर्ज भरून झाल्यावर त्यांतले निम्मे लोक खुर्चीवरून उठत नाहीत आणि मग खरे बोलणे सुरू होते.

पहिल्या बैठकीला आठ-दहा जण येतील असे धरू नका. आमच्या पहिल्या बैठकीला मी बारा खुर्च्या मांडल्या होत्या आणि दोघी आल्या. त्यांतल्या एकीने दारातच विचारले, ‘बसू का थोडा वेळ? डबा आणलाय, इथे खाल्ला तर चालेल ना? घरी सगळे तोंडाकडे बघत बसतात.’ तिने दहीभात खाल्ला, आम्ही दोघी आपापसांत बोलत राहिलो, आणि पाऊण तासाने डबा धुऊन ती म्हणाली की पुढच्या महिन्यात कोणत्या तारखेला यायचे ते लिहून द्या.